आपले गुडघे आणि परक्यांच्या चाचण्या

पांडवलेण्यांच्या पायऱ्या, ब्रह्मगिरीची चढण, वणीच्या गडावरील सप्तशृंगीचें दर्शन, आणि त्र्यंबकेश्वराहून निवृत्तिनाथांच्या पालखीमागून पंढरपूरपर्यंत जाणारी वाट. नाशिकच्या माणसानें देवाला जावयाचें म्हटलें कीं त्याचें भाडें गुडघ्यांना भरावें लागतें. घरीं परतल्यावरही त्यांची सुटका नाहीं. मांडी घालून जेवावयाचें, उकिडवें बसून भांडीं घासावयाचीं, निफाड-दिंडोरीकडे द्राक्षांच्या मांडवाखालीं दिवसभर उठबस करावयाची; आणि घरांतला मुलगा कबड्डीच्या मैदानावर उतरणारा असला, तर एखाद्या संध्याकाळीं तो मित्रांच्या खांद्यावर हात टाकून, एका पायानें लंगडत घरीं यावयाचा. गुडघ्यांत कांहींतरी तुटल्याचा आवाज झाला, असें तो सांगतो. दुसऱ्या दिवशीं डॉक्टर सांगतात कीं, लिगामेंट तुटलें आहे.

अशा घरांत पुढें दोन वाक्यें हटकून कानीं पडतात. कोणी एक नातेवाईक म्हणतो, "पुण्यामुंबईकडे म्हणे गुडघ्यावर नवे उपचार करून पाहत आहेत, आपलें नांव तिथें घालतां येईल का?" त्यावर घरांतील वडील माणूस म्हणतें, "म्हणजे आपल्या पोरावर प्रयोग करूं द्यायचे होय?" पहिल्या वाक्यांत आशा आहे, दुसऱ्यांत भीति आहे, आणि दोन्ही अगदीं रास्त आहेत. दोहोंच्याही मागें सव्वाशें वर्षांहून अधिक काळचा इतिहास उभा आहे, आणि त्याचा बराचसा भाग आपल्याच मुलुखांत घडलेला आहे. तो सांगावा, आणि तो सांगतां सांगतां नाशिकच्या रुग्णानें ह्या चाचण्यांचा शोध कसा घ्यावा हेंही सांगावें, असा आजच्या भाषणाचा हेतु आहे.

१८९६ च्या सप्टेंबरांत मुंबईंतील मांडवी भागांत डॉ. अकासियो व्हिएगस ह्यांनीं प्लेगचा रोगी ओळखला. लौकरच वाल्डेमार हाफकिन हा रशियांतून आलेला ज्यू शास्त्रज्ञ मुंबईंत दाखल झाला, आणि ग्रँट मेडिकल कॉलेजांतील तुटपुंज्या जागेंत त्यानें प्लेगवरील लस सिद्ध केली. १० जानेवारी १८९७ रोजीं ती त्यानें प्रथम स्वतःच्या अंगांत टोंचून घेतली. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगांत प्लेग शिरला. तेथील सुमारें दीडशें कैदी लस घेण्यास पुढें आले. त्यांहून थोडे अधिक कैदी तिच्यावांचून राहिले. लस न घेतलेल्यांपैकीं बाराजण आजारी पडले व सहा दगावले. लस घेतलेल्यांपैकीं दोघे आजारी पडले, दगावला कोणी नाहीं.

हे आंकडे ऐकतांच लशीचा जयजयकार करावासा वाटतो, आणि तो अनुचितही नाहीं. परंतु तुरुंगाच्या भिंती विसरून चालणार नाहीं. त्या कैद्यांना स्वयंसेवक म्हटलें गेलें. ज्या माणसाला दारच उघडून बाहेर जातां येत नाहीं, त्याच्या 'हो' ला कितपत अर्थ असतो? शिवाय जे आपण होऊन पुढें आले ते अधिक धीट असतील, अधिक सशक्त असतील, निराळ्या कोठडींतले असतील. मग त्यांचें रक्षण लशीनें केलें कीं त्यांच्या प्रकृतीनें? ह्या दुसऱ्या शंकेचें उत्तर पुढच्याच वर्षीं बडोदें संस्थानांतील उंढेरा ह्या गांवीं शोधण्यांत आलें. तेथें प्रत्येक घरांतील सुमारें निम्म्या माणसांना लस दिली व उरलेल्यांना दिली नाहीं. छप्पर एक, अन्न एक, उंदीरही तेच. फरक फक्त सुईचा. पुढें ज्या घरांत प्लेग आला त्यांतील लस घेतलेल्या ७१ जणांपैकीं ३ मेले, न घेतलेल्या ६४ जणांपैकीं २६ मेले.

तुलना इतकी स्वच्छ कीं आजही ती शिकवावी. पण त्या २६ जणांना, आपण कोणत्या यादींत आहों आणि कां, हें कोणी समजावून सांगितलें होतें काय? तेव्हां ही विचारणा करण्याची रीतच नव्हती. पुढल्या वर्षीं, १८९९ सालीं, नाशिकजवळच्या भगूर गांवीं प्लेगनें दामोदरपंत सावरकर गेले. त्यांचे पोरके झालेले मुलगे पुढें नाशिकला राहावयास आले. लस मुंबईंत सिद्ध होऊन दोन वर्षें लोटलीं होतीं. औषध निघणें, तें खरोखर लागू पडतें असें सिद्ध होणें, आणि त्यावर लोकांचा विश्वास बसणें, ह्या तीन गोष्टींत किती अंतर असतें तें त्या काळीं घराघरानें अनुभविलें.

विश्वासाच्या बाबतींत आणखी एक प्रसंग सांगितल्यावांचून राहवत नाहीं. ३० ऑक्टोबर १९०२ रोजीं पंजाबांतील मुल्कोवाल गांवीं लस दिलेल्यांपैकीं १९ माणसें धनुर्वातानें मेलीं. सारा ठपका हाफकिनवर आला व त्याला कामावरून दूर करण्यांत आलें. तथापि कोणत्या बाटलींतून कोणाला लस दिली ह्याची नोंद ठेवलेली होती. मेलेले सर्व एकाच बाटलीचे, आणि ती बाटली उघडतांना चिमटा जमिनीवर पडला होता, हें त्या नोंदीवरून बाहेर आलें. १९०७ सालीं हाफकिन निर्दोष ठरला. १९२५ मध्यें परळच्या प्रयोगशाळेला त्याचें नांव मिळालें. एका माणसाची अब्रू आणि एका लशीची पत वहींतल्या चार ओळींनीं वांचविली. नोंदणीची ही महति पुढें कामास येणार आहे, म्हणून ती येथें सांगून ठेवतों.

पुढचा इतिहास भराभर सांगण्यासारखा आहे. १९४७ मध्यें न्यूरेंबर्गच्या न्यायालयानें, नात्झी डॉक्टरांचीं कृत्यें पाहून, माणसाच्या स्वेच्छेनें दिलेल्या संमतीवांचून त्याच्यावर प्रयोग नाहीं, असें स्पष्ट शब्दांत लिहिलें. १९४८ मध्यें विलायतेंतील मेडिकल रिसर्च कौन्सिलनें क्षयावरील स्ट्रेप्टोमायसिनच्या चाचणीचा निकाल छापला. त्या चाचणींत कोणाला औषध द्यावयाचें हें डॉक्टरनें न ठरवितां बंद पाकिटांतील अंकांनीं ठरविलें होतें. १९६४ मध्यें हेलसिंकी येथें जगांतील डॉक्टरांच्या संघटनेनें आपल्या आचाराचे नियम बांधले. भायखळ्याच्या दोन्ही उणिवांचीं हीं उत्तरें होत. चिठ्ठी टाकल्यानें तुलना निःपक्षपाती झाली, आणि संमतीनें कैद्याचा माणूस झाला.

आतां गुडघ्याकडे वळूं. कोणी म्हणेल, प्लेग कोठें आणि गुडघा कोठें! परंतु खरें पाहतां प्लेगपेक्षां गुडघाच अधिक फसवा. प्लेगांत माणूस जगतो वा मरतो. गुडघा दुखतो, थांबतो, पुन्हा दुखतो. त्याला भरती-ओहोटी आहे. दुखणें अगदीं असह्य झालें म्हणजे आपण वैद्याकडे जातों. त्यानंतर ओहोटी लागणारच असते, आणि ती लागली कीं श्रेय शेवटच्या उपचाराला मिळतें. मग तें तेल असो, पट्टा असो, गोळी असो वा एखाद्या मारुतीच्या देवळांतला दोरा. आपल्या प्राचीनांनीं ह्या सांध्याचें निरीक्षण फार बारकाईनें केलें होतें. सुश्रुतानें १०७ मर्मांत जानूची गणना केली व तेथील इजेनें माणूस लंगडा होतो असें लिहिलें. वातानें बिघडलेला सांधा हाताला वारा भरलेल्या पिशवीसारखा लागतो, हें चरकाचें वर्णन सुजलेला गुडघा चाचपून पाहणाऱ्या कोणालाही पटेल. पण निरीक्षण निराळें आणि अमुक उपचारानेंच गुण आला हें सिद्ध करणें निराळें.

ही फसवणूक केवळ भोळ्या रोग्यांचीच होते असें मात्र समजूं नये. १९१८ मध्यें तोकियोंत ताकागी ह्यांनीं मृत माणसाच्या गुडघ्यांत दुर्बीण घालून पाहिली. १९६२ मध्यें त्यांच्या परंपरेंतील वातानाबे ह्यांनीं दुर्बिणीच्या साह्यानें गुडघ्यांतील फाटलेली गादी काढली. पुढें दुर्बिणीची शस्त्रक्रिया जगभर पसरली. झिजलेला गुडघा आंतून धुवावयाचा, खरबरीत भाग तासावयाचा, आणि रोगी म्हणावयाचा कीं बरें वाटतें. रोगी खोटें बोलत नव्हते, डॉक्टरही नव्हते. अमेरिकेंत ह्यूस्टनच्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांत ब्रूस मोझली ह्या शस्त्रवैद्याला मात्र शंका आली कीं, बरें वाटतें तें शस्त्रक्रियेनें कीं शस्त्रक्रिया झाली ह्या भावनेनें?

त्यानें १८० रुग्णांचे तीन गट चिठ्ठीनें पाडले. एका गटाचा गुडघा तासला, दुसऱ्याचा नुसता धुतला, आणि तिसऱ्या गटाच्या कातडीवर फक्त छेद दिले. ह्या तिसऱ्या गटासाठीं शस्त्रक्रियेचें पुरें नाटक वठविलें. अवजारें मागून घेतलीं, पाण्याचा आवाज केला, तेवढाच वेळ लावला, रुग्णाला रात्रभर तेथेंच ठेवलें. कोणाला काय मिळालें हें दोन वर्षें रुग्णांना सांगितलें नाहीं. निकाल २००२ सालीं प्रसिद्ध झाला. वेदना असो वा चालणें असो, खऱ्या शस्त्रक्रियेचे दोन्ही गट लुटुपुटीच्या गटाहून कोणत्याही टप्प्यावर सरस ठरले नाहींत.

ह्या चाचणींतील मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट निकालांत नाहीं, प्रवेशांत आहे. योग्य असे ३२४ रुग्ण सांपडले होते. त्यांतील १४४ जणांनीं नकार दिला, आणि तो मुकाट्यानें मान्य झाला. जे १८० आले त्या प्रत्येकाला, आपल्यावर कदाचित् खरी शस्त्रक्रिया होणारच नाहीं आणि मग गुडघ्याच्या झिजेला तिचा उपयोगही होणार नाहीं हें मला समजलें आहे, अशा अर्थाचा मजकूर स्वतःच्या हस्ताक्षरांत लिहून द्यावा लागला. ज्या नकाराला भायखळ्याच्या तुरुंगांत फारशी जागा नव्हती, तो येथें मोजून कागदावर आला.

पुढें २०१३ मध्यें फिनलंडांतील पांच रुग्णालयांनीं, झीज न झालेल्या पण वयोमानानें गादी फाटलेल्या १४६ रुग्णांवर असाच पडताळा घेतला. गादी कापण्याचें फळ वर्षअखेर नाटकी शस्त्रक्रियेइतकेंच निघालें. तरुणांच्या तुटलेल्या लिगामेंटची गोष्ट थोडी निराळी आहे, आणि आपल्या कबड्डीपटूच्या घरानें ती नीट ऐकावी. स्वीडनमध्यें १२१ तरुणांपैकीं निम्म्यांचें लिगामेंट लौकर बसविलें. उरलेल्या ५९ जणांना प्रथम व्यायामोपचार देऊन, गरज भासल्यास पुढें शस्त्रक्रिया करण्याचें ठरविलें. २०१० मध्यें दोन वर्षांचा निकाल निघाला, तेव्हां दोन्ही गट सारखेच बरे होते. त्या ५९ पैकीं २३ जणांनीं दोन वर्षांत, आणि एकूण ३० जणांनीं पांच वर्षांत शस्त्रक्रिया करून घेतली. म्हणजे जवळजवळ निम्म्यांना चाकू लागलाच नाहीं. उलट विलायतेंत, दुखापत जुनी होऊन गुडघा वारंवार निसटणाऱ्या ३१६ रुग्णांची चाचणी झाली. २०२२ मध्यें तिचा निकाल शस्त्रक्रियेच्या बाजूनें लागला. दुखापत ताजी कीं जुनी, एवढ्या एका प्रश्नावर उत्तर फिरतें. शेजाऱ्याच्या मुलाला जें मानवलें तें आपल्याला मानवेल, ह्या आपल्या घरगुती न्यायाचा येथें निभाव लागत नाहीं.

पण ह्यूस्टन, हेलसिंकी, स्वीडन! हे गुडघे खुर्चीवर बसणाऱ्यांचे. ते बर्फावर घसरतात, सॉकर खेळतात; उकिडवे बसत नाहींत, मांडी घालीत नाहींत. गुडघ्याच्या चाचणींत रुग्णाची स्थिति मोजण्यासाठीं जगभर वापरली जाणारी एक प्रश्नावली कॅनडांत तयार झाली. तींत मोजे घालतांना त्रास होतो का, स्नानाच्या टबांत उतरतांना त्रास होतो का, असे प्रश्न आहेत. आमच्या पंचवटींतील आजीबाईंना हा प्रश्न विचारला तर त्या टब म्हणजे काय तें प्रथम विचारतील, आणि मग म्हणतील कीं, मला देवापुढें बसतां येत नाहीं त्याचें काय? तो प्रश्न कागदावरच नसेल, तर उत्तरांतही तो उतरणार नाहीं. ज्यांचे गुडघे चाचणींत असतात त्यांचेच प्रश्न तिच्यांत विचारले जातात. चाचणींत भाग घेणें हें केवळ परोपकाराचें किंवा केवळ फुकट औषधाचें काम नव्हे, असें मी म्हणतों तें ह्यासाठीं.

सुदैवानें महाराष्ट्रांत हें काम झालेलें आहे. १९९१ मध्यें पुण्यांतील संशोधकांनीं सांधेझिजेच्या ४२ रुग्णांवर अश्वगंधा, सालई गुग्गुळ, हळद व जस्त ह्यांच्या मिश्रणाची चाचणी प्रसिद्ध केली. प्रत्येक रुग्णानें तीन महिने औषध व तीन महिने औषधासारखें दिसणारें निरौषध घेतलें. कोणत्या काळांत काय चालू आहे हें रुग्णाला ठाऊक नव्हतें आणि तपासणाऱ्या डॉक्टरलाही. वेदना कमी झाली. क्ष-किरणांच्या चित्रांत मात्र फरक दिसला नाहीं. दोन्ही गोष्टी त्यांनीं छापल्या, हें विशेष. १९९६ पासून डॉ. अरविंद चोप्रा व त्यांच्या सहकाऱ्यांनीं पुणें जिल्ह्यांतील भिगवण गांवीं घरोघर जाऊन सांधेदुखीची पाहणी केली. कॅनडाच्या त्या प्रश्नावलीला भारतीय राहणीचें रूप देण्याचें कामही त्यांच्याच पुण्याच्या केंद्रांत झालें.

२००४ मध्यें ह्याच केंद्रानें गुडघ्याच्या झिजेवरील एका आयुर्वेदीय औषधाची ३२ आठवड्यांची चाचणी प्रसिद्ध केली. तिच्यासाठीं रुग्ण कसे मिळविले हें आपल्या विषयाला फार जवळचें आहे. वस्तींत व रुग्णालयांत विनामूल्य शिबिरें भरविलीं; गुडघेदुखीचे ३५८ लोक तपासले; त्यांतून ९० निवडले; ४५ जणांना औषध व ४५ जणांना निरौषध दिलें. औषधाच्या गटाची वेदना अधिक उतरली. पुढें केंद्र सरकारच्या वैज्ञानिक संशोधन परिषदेच्या योजनेखालीं अनेक शहरांतील रुग्णालयांनीं मिळून गुळवेल व सुंठ ह्यांवर आधारलेलीं औषधें दोन नांवाजलेल्या पाश्चात्त्य औषधांशीं ताडून पाहिलीं. २०१३ सालीं प्रसिद्ध झालेल्या ह्या निकालांत ४४० रुग्णांवर तीं समतुल्य ठरलीं. आयुर्वेदीय औषधें घेणाऱ्या कांहीं रुग्णांच्या रक्तांत यकृताचा एक घटक वाढलेला आढळला व पुढें तो पूर्ववत् झाला, हेंही त्यांत नमूद आहे. 'आपलें औषध, त्याला कसला अपाय!' असें म्हणणाऱ्यांनीं ही ओळ दोनदां वाचावी.

३५८ मधून ९० घेतले, म्हणजे चौघांतील तिघे परत गेले. आपणांस परत पाठविलें तर तो अपमान समजूं नये. वय, झिजेची पायरी, मधुमेह, आधीं घेतलेलीं इंजेक्शनें, ह्या साऱ्यांच्या मर्यादा आधींच लिहून ठेवलेल्या असतात. त्या मर्यादा आपल्यासाठीं कोणी वांकवूं लागला, तर त्या चाचणीवरचा माझा विश्वास कमीच होईल.

आतां शोध कोठें घ्यावयाचा? येथें मुल्कोवालची वही आठवावी. चाचणी झाल्यावर निकाल मनासारखा नसेल तर तो दडपून टाकण्याचा मोह मोठा असतो. म्हणून चाचणी सुरू होण्यापूर्वींच तिची जाहीर नोंद हवी, असा विचार जगभर रुजला. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या दिल्लींतील संख्याशास्त्र संस्थेंत २० जुलै २००७ रोजीं भारताची चाचणी-नोंदवही उघडली. १५ जून २००९ पासून औषध-नियंत्रकांच्या परवानगीनें होणाऱ्या चाचण्यांना ही नोंद सक्तीची झाली. १ एप्रिल २०१८ पासून तर पहिला रुग्ण घेण्याआधींच नोंद केली असेल तरच ती स्वीकारली जाऊं लागली. ही वही इंटरनेटवर कोणालाही फुकट पाहतां येते. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला 'सीटीआरआय' म्हणतात, आणि प्रत्येक चाचणीच्या क्रमांकाच्या आरंभीं हींच अक्षरें असतात.

ह्या नोंदींत आजाराचें नांव, कोणता उपचार कशाशीं ताडला जाणार, कोणास घेणार व कोणास नाहीं, रुग्ण किती हवेत, प्रवेश चालू आहे कीं संपला, चाचणी कोणकोणत्या गांवांत व कोणत्या रुग्णालयांत आहे, आणि विचारणा कोणाकडे करावयाची, हें सर्व दिलेलें असतें. नोंद इंग्रजींत आहे, ही अडचण खरी. पण घरांतील कॉलेजांत जाणारी मुलगी ती पंधरा मिनिटांत पार करील. 'गुडघा' ह्या अर्थाच्या इंग्रजी शब्दानें शोधावें, तसेंच लिगामेंट, गादी आणि झीज ह्यांच्या वैद्यकीय नांवांनीं निरनिराळें शोधावें. डॉक्टरांकडून तीं नांवें एका चिठ्ठीवर लिहून घ्यावींत. आयुर्वेदाच्या चाचण्या पुष्कळदां 'संधिगतवात' ह्या नांवाखालीं रोमन लिपींत नोंदलेल्या असतात. तो शब्द चुकवूं नये. नाशिकचें नांव इंग्रजींत दोन तऱ्हांनीं लिहिलें जातें. दोन्ही तऱ्हा करून पाहाव्यात.

नाशिकच्या लोकांनीं थेट मुंबईचें तिकीट काढण्याचें कारण नाहीं, असेंही मला वाटतें. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ सालीं स्थापन झालें, आणि त्याचें ठाणें नाशिकलाच, म्हसरूळच्या बाजूला दिंडोरी रस्त्यावर आहे. त्याच्याशीं संलग्न असलेल्या वैद्यक व आयुर्वेद महाविद्यालयांतील पदव्युत्तर विद्यार्थ्यांना प्रबंध लिहावे लागतात. गुडघा हा त्यांचा आवडता विषय, कारण रुग्णांची वाण नाहीं. असे प्रबंधही त्या नोंदवहींत नोंदविण्याची सोय आहे. ह्या चाचण्या लहान असतात, त्यांचें फळ जगाला हादरविणारें नसतें. परंतु त्या जवळ असतात, आणि चालतांना कष्ट होणाऱ्या माणसाच्या दृष्टीनें जवळ असणें हा मोठाच गुण आहे. मात्र एक ध्यानांत ठेवावें. नोंदवहींत नांव असणें म्हणजे सरकारनें दिलेलें प्रशस्तिपत्र नव्हे. वही सांगते कीं चाचणी आहे. ती चांगली आहे कीं नाहीं हें विचारपूस करूनच ठरवावें लागतें. आणि चाचणीच्या नांवाखालीं कोणी इंजेक्शनासाठीं मोठी रक्कम मागूं लागला, तर नोंदणी क्रमांक प्रथम विचारावा.

वडील माणसाच्या त्या भीतीला आतां उत्तर देतां येईल. ती भीति निराधार नव्हती. चाचण्यांतील गैरप्रकारांविरुद्ध २०१२ मध्यें सर्वोच्च न्यायालयांत दाद मागण्यांत आली, आणि त्यानंतर १० वर्षांच्या आंत नियम बरेच कडक झाले. मार्च २०१९ च्या केंद्रीय नियमांप्रमाणें औषधाची चाचणी नैतिकता समितीच्या मान्यतेवांचून सुरू करतां येत नाहीं. त्या समितींत निदान सात सभासद हवेत. त्यांत एक सामान्य नागरिक, एक कायदेतज्ज्ञ व एक स्त्री असावी, आणि निम्मे सभासद त्या संस्थेबाहेरचे असावेत. चाचणीमुळें इजा झाली तर उपचार विनामूल्य, आणि त्याशिवाय भरपाई. शस्त्रक्रियांची किंवा व्यायामांची तुलना ह्या औषध-नियमांत बसत नाहीं. तिला वैद्यकीय संशोधन परिषदेचीं २०१७ चीं मार्गदर्शक तत्त्वें लागू होतात. कबड्डीपटू अठरा वर्षांच्या आंतला असेल तर आईबापांची संमति लागते, आणि समजत्या वयाच्या मुलाची स्वतःची मान्यताही घ्यावयाची असते. बापानें सही केली व मुलगा मान खालीं घालून बसला, एवढ्यानें भागत नाहीं.

संमतिपत्र घरीं आणावें. तें मराठींत मागावें. आपल्याला समजणाऱ्या भाषेंत तें मिळणें हा हक्क आहे. तेथल्या तेथें सही करण्याची घाई करणाऱ्याला 'उद्यां येतों' म्हणावें. मग जेवणें झाल्यावर घरच्यांनीं तें वाचावें, आणि प्रश्न लिहून काढावेत. चिठ्ठींत निरौषध वांट्याला आलें तर माझा नेहमींचा उपचार चालूं राहील काय? किती खेपा घालाव्या लागतील, आणि गाडीभाडें कोण देणार? मधेंच सोडून गेलों तर ह्याच रुग्णालयांत पूर्वीसारखी वागणूक मिळेल काय? नियम 'होय' म्हणतो, तरी विचारावें. उत्तर देणाऱ्याच्या चेहऱ्यावरून बरेंच कळतें. चाचणी संपल्यावर निकाल मला कळविणार काय? आणि आजीबाईंच्या वतीनें आणखी एक प्रश्न अवश्य घालावा: तुमच्या मोजमापांत मांडी घालून बसणें धरलें आहे काय?

सहीनंतर संमतिपत्राची प्रत रुग्णाजवळ राहिली पाहिजे. ती क्ष-किरणांच्या पाकिटांत, नोंदणी क्रमांक वर लिहून, जपून ठेवावी. नोंदवहींत नाशिकची एखादी चाचणी सांपडली आणि तिच्यापुढें 'प्रवेश पूर्ण' असें लिहिलेलें दिसलें, तरी तो क्रमांक टिपून ठेवण्यास हरकत नाहीं. वर्षा-दोन वर्षांनीं त्याच क्रमांकाखालीं निकाल आला आहे कीं नाहीं हें कोणालाही पाहतां येतें, आणि आला नसेल तर तेथें दिलेल्या पत्त्यावर पत्र टाकून विचारतांही येतें.